नमुन्यांची फाइल

फोटोग्राफर म्हणाला, ताई, दादांकडे असं बघा
जणू पहिल्यांदाच बघताय.
मी बघितलं. सुकृतच्या कानामागे
दाढीचा फेस वाळून राहिला होता.

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर
सकाळी पावणेसातला आमच्या आधी तीन जोड्या.
एकीचा लाल झगा पंधरा हात लांब,
त्याचं टोक धरून तिचा भाऊ वाकलेला,
'आता!' म्हटलं की हवेत सोडून
फ्रेमच्या बाहेर पळायचा. पाच वेळा पळाला.
मी आईची येवल्याची नेसले होते, हिरवी,
आणि पायात कंपनीतले सेफ्टी शूज,
कारण काठावर बाभळीचे काटे.
फोटोग्राफर म्हणाला, काळजी नको,
आपण कमरेच्या वरचंच प्रेम घेऊ.

मग मखमलाबादला, त्याच्या मावसभावाच्या बागेत.
घडाघडाला वर्तमानपत्रं गुंडाळलेली, ऊन लागू नये म्हणून.
"हे कागद काढता येतील का, दोनच ओळींचे?"
मावसभाऊ म्हणाला, "माल एक्स्पोर्टचा आहे.
तुमचं लग्न लोकल."
तर कागदांमध्येच उभे राहिलो.
सुकृतच्या खांद्यावर हनुवटी टेकवून
मी मागच्या महिन्यातली पाणीकपात वाचत होते,
सिडकोत कुठल्या वारी, सातपूरला कुठल्या.
त्या फोटोत मी फार स्वप्नाळू आलेय.

दुपारी रविवार कारंजा. दुसान्यांचं दुकान.
अप्पा रिक्षाने आधीच येऊन बसलेले.
नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
अंगठा अजून ड्यूटीवर आहे :
कुठलाही कागद आला की आधी चोळणार,
मग उजेडात धरणार, मग वाचणार.
त्यांना समजावलं, ही पत्रिका नाही,
पत्रिकेच्या आधीची. सेव्ह द डेट.
"म्हणजे तारीख वाचवायची?"
हो.
"कशापासून?"
"दुसऱ्या लग्नांपासून, काका," दुसाने हसले,
"एकेका मुहूर्तावर चार-चार असतात हल्ली."
सुकृतने पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही.

फाइल मी उलटत होते. मोर, कमळं, हत्ती,
एक बोर्डिंग पासासारखं, एक आधार कार्डासारखं
आणि मग प्लास्टिकच्या खिशात, सोनेरी गणपतीखाली,
चि. सुकृत.
शेजारी जे नाव, ते मला माहीत होतं.
एकदाच सांगितलं होतं त्याने, सोमेश्वरच्या पायरीवर,
सगळं, कोर्टाच्या तारखांसकट.
पण सांगितलेलं वेगळं, छापलेलं वेगळं.
सांगितलेल्यात आहेर नम्रपणे नाकारलेला नव्हता.
सांगितलेल्यात पार्किंगची सोय नव्हती.

दुसाने पान उलटायला धावले, अप्पांचा हात तिथे आधीच.
त्यांनी चष्मा वर केला. कार्ड खिशातून काढलं.
अंगठा फिरवला, गणपतीवरून, नावांवरून,
चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरवरून.
दुकानात पंखा तेवढा बोलत होता.
"कागदात दोष नाही," म्हणाले.
"शाईपण उडालेली नाही."
आणि परत खिशात सरकवलं, सरळ, कोपरे न दुमडता.

"फाडून टाकतो ते," दुसाने म्हणाले.
सुकृत माझ्याकडे बघत होता.
जणू पहिल्यांदाच.
राहू द्या, म्हटलं मी. नमुना चांगला आहे.
आम्हाला हाच कागद दाखवा, बिनगणपतीचा.

फोटो तो पाणीकपातीचाच घेतला.
खाली फक्त १९ एप्रिल, रविवार.
त्या दिवशी मावसभावाच्या बागेत
एकही घड नसेल, तो म्हणाला होता,
वेलींखाली जुनी वर्तमानपत्रं पडलेली असतील.

पहिलं कार्ड घरी आलं तेव्हा रात्र झाली होती.
अप्पा खुर्चीवर चढले, ट्यूबलाइटशी धरून
बराच वेळ बघत राहिले.
काय दिसतंय, मी खालून विचारलं.
"काही नाही गं. साधा कागद आहे," म्हणाले.
"खुर्ची धर."