उजवा हात

एकतीस वर्षं, रोज सकाळी पावणेसातला
सुपरवायझर माझे हात तपासायचा.
आधी तळवे, मग पालथे.
नख वाढलंय? रंग लागलाय? नाही? चल आत.
आत खेकडे. परातीएवढे, उकडून लाल झालेले.
त्यांच्या नांग्यांना कोणी कधी विचारलं नाही
की बाई, हा रंग कुठून आणलास.

शुक्रवारी निवृत्त झाले. कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
सोमवारी मी, एदुविना बारीया, वय साठ,
पुंता अरेनासच्या वाऱ्याला रेलत रेलत
दुकानात गेले आणि म्हणाले,
नखं रंगवायचीयत. घरीच. पहिल्यांदाच.

काउंटरवरच्या पोरीची नखं इतकी लांब
की ती सुटे पैसे बोटांनी नाही, चिमट्यांनी उचलत होती.
म्हणाली, जेल घ्या, तीन आठवडे हलत नाही.
पण त्याला दिवा लागतो, निळा, हात आत घालून बसायचं,
आणि कातडीला लागलं तर खाज सुटते,
कधी कधी जन्माची.
खाजेचं आणि माझं जुनं आहे, मी म्हटलं,
पण दिवा नको. मीटर तसाही पळतोच.

मग पावडर. नख बुडवायचं, झटकायचं, परत बुडवायचं,
मासा पिठात घोळवतात तसं.
आणि काढायची कशी?
बोटं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, पंधरा मिनिटं.
भिजलेली बोटं.
नको गं.

मग तयार नखं. डबीत चोवीस, मापानं लावलेली.
एक अंगठ्यावर धरून बघितलं.
कवचच की.
आयुष्यभर सोलली ती सोलली,
आता पैसे देऊन चढवू?

शेवटी साधी बाटली. सगळ्यात स्वस्त.
रंग कुठलाही दे, लाल सोडून.
ही दोन दिवसांत टवके सोडते, पोरगी नाराजीनं म्हणाली,
एकच आहे, चुकलं तर कापसानं पुसता येतं.

चुकलं तर पुसता येतं!
हे मला साठ वर्षांत कोणी कशाबद्दलच सांगितलं नव्हतं.

घरी चुलीजवळ बसले. आधी पारदर्शक थर,
मग हिरवा, पातळ. मधून एक फराटा, कडेनं दोन.
डावा हात झाला.
उजवा राहिला.
डाव्यानं जन्मभर फक्त खेकडा धरला होता,
सुरी कधी धरलीच नाही.
त्यानं अंगठा रंगवला, पेर रंगवलं,
थोडं टेबलही रंगवलं.

तशीच उठले, बाटली खिशात,
समोरच्या निळ्या पत्र्याच्या घरात.
रुदेलिया मान्सिया. डावखुरी.
पट्ट्यावर माझ्या उजवीकडे उभी राहायची,
तिच्या सुरीचं कोपर माझ्या सुरीच्या कोपराला लागायचं,
त्यावरून आम्ही दोन हिवाळे बोललो नव्हतो.

हात दाखवून अवलक्षण, ती म्हणाली,
पण चष्मा शोधायला लागली.

मग तिनं माझा हात हातात घेतला.
एवढी वर्षं शेजारी, पण दोघींच्या हातात मोजे.
तिचा तळवा इतका ऊबदार असतो
हे मला माहीतच नव्हतं.
श्वास रोखून ती एकेक नख भरत होती,
जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखी.
करंगळीला बाहेर गेलं गं, पुसू?
राहू दे.

उजवला बाई उजवा हात एकदाचा, मी म्हटलं.
तिनं आपले दोन्ही पुढे केले,
आधी तळवे, मग पालथे,
त्याच्यासारखाच घसा खाकरून.
हसताना माझा अंगठा तिच्या बाहीला पुसला गेला.

रात्रीचे दहा, खिडकीत अजून उजेड,
बाहेर वारा पत्रे मोजत होता.
दाराची कडी लोखंडी, आणि माझी दहाही बोटं ओली.
बसून राहिले.