तथापि

अच्युतराव ताम्हाणे बोलायचे, मी उतरवून घ्यायचे.
अठरा वर्षं, चरईतल्या त्या माडीवर.
खाली पिठाची गिरणी,
म्हणून कुठल्याही मसुद्यावर बोट फिरवलं
की पांढरं लागायचं.

माझ्या लघुलिपीत 'तथापि'ला वेगळी खूण होती,
मीच केलेली, उलट्या गळासारखी.
पुस्तकातली खूण लांब पडायची
आणि त्यांच्या तोंडी तो शब्द पानाला चारदा.
कामगारांची मागणी न्याय्य आहे, तथापि.
कारखानदारांची अडचण खरी आहे, तथापि.
वागळे इस्टेटच्या टाळेबंदीत
एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी त्यांना
विकला गेलेला माणूस म्हटलं.
त्यांनी दोन्ही पत्रकं एकाच फायलीत लावली,
भोकं नीट एका रेषेत पाडून.

पक्षात त्यांना मवाळ म्हणायचे,
पक्षाबाहेर त्याहून वाईट.
मऊ लागलं की माणसं कोपरानं खणतात.
चेंदणीचे कोळी धक्क्यासाठी यायचे,
बिल्डर तोच धक्का उठवण्यासाठी.
चहा दोघांना सारखाच.
फुटकी बशी ते स्वतःकडे घ्यायचे.
विधान परिषदेत बरकत मुकादमांनी
दुपारभर त्यांची सालं काढली
की संध्याकाळी मुकादमांच्याच गाडीतून ठाण्याला परत,
वाटेत मुलुंडला थांबून दोघांत एक उसाचा रस.

मग ते विधेयक आलं, धोकादायक इमारतींचं.
पक्षाचा आदेश होता: जसंच्या तसं.
रात्री साडेदहाला त्यांनी मला बोलावून घेतलं.
लिहा भोईरबाई,
'रहिवाशांस तीस दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय'
सकाळी तिसाचे वीस झाले,
सभागृहाच्या दारात पंधरा.
मी म्हटलं, साहेब, पंधरा दिवसांत
बाईमाणसाचं एक कपाट रिकामं होत नाही.
ते म्हणाले, आणि शून्य दिवसांत?

दुरुस्ती चार मतांनी मंजूर झाली.
त्यातली तीन मुकादमांकडची.

पुढच्या खेपेला तिकीट नाही.
निरोप फोनवर आला, तोही मीच घेतला,
सवयीनं लघुलिपीत.
त्यांनी विचारलं,
शेवटी 'तथापि' होतं का?
नव्हतं.

नंतरची वर्षं मासुंद्याच्या काठावर,
घडी न मोडलेला पेपर मांडीवर ठेवून.
शोकसभेला दोन्ही पक्षांचे लोक आले,
म्हणजे एकूण अकरा.
मुकादम बोलायला उभे राहिले
आणि न बोलताच बसले.

परवा आमच्या कोपरीच्या इमारतीत
जिन्यात महापालिकेनं कागद चिकटवला.
खळ अजून ओली होती.
मी चष्मा काढून, जवळ जाऊन वाचला.
चौथ्या ओळीत ते वाक्य, शब्द न शब्द,
'दिल्याशिवाय'पुढे स्वल्पविराम,
जो त्या रात्री मी माझ्या मनानं घातला
आणि त्यांनी खोडला नव्हता.

वरच्या मजल्यावरचा पोरगा म्हणाला,
काकू, पंधराच दिवस?
म्हटलं, तीस मागितले होते.
कोणी?
मी सुतळी आणायला खाली निघाले होते.
जिन्यात किती सांगणार?

आज तिसरा दिवस.
कपाट अर्ध्यावर आलंय.
वरच्या कप्प्यात वह्या, एकशे चाळीस,
पानोपानी उलटे गळ,
माझ्यामागे कुणाला न लागणारे.
रद्दीवाला दोनदा हाक मारून गेला.