साडेआठ इंच

फॉर्म सतरा : वादळखोली.
भिंत नऊ इंची, दार आत उघडणारं,
कड्या तीन, माणशी पाच चौरस फूट.
सगळं जुळलं तर घरटॅक्सात दहा टक्के सूट.

पारडीत कौतिकाबाई हेडाऊंचं टिनाचं घर,
मागं अंगणात ही एकच पक्की खोली,
नवऱ्याचा माग भंगारात विकून बांधलेली.
मी टेप लावला. साडेआठ.
"प्लास्टर मारलं का नऊ होईन, साहेब."
प्लास्टर धरत नाहीत, मी म्हटलं.
"नका धरू. भिंत तर धरते ना."

तेवढ्यात कोराडीच्या अंगानं आभाळ
राखेच्या रंगाचं झालं.
शेजारचा पत्रा उठला, निंब आडवा,
आणि पोट्टे, म्हाताऱ्या, कुणाची तरी बकरी
न विचारता आत.
दार आतच उघडत होतं,
तेवढा एक नियम पाळला गेला.
अंधारात मी सवयीनं डोकी मोजली :
चौदा. फॉर्मवर क्षमता चार.
पंधरावा मी.

बाहेर टिनांवर गारा,
जसे मोहल्ल्यातले बंद माग
एकदम सुरू व्हावेत.
मग तो आवाजही गेला.
टिनाच नव्हत्या.

सूट मिळते मुख्य घराच्या करावर.
मुख्य घराचं छप्पर नागनदीच्या काठाला सापडलं.

जाडी : साडेआठ, लिहिलं.
शेरा अजून कोरा आहे.
टेप तिथंच राहिला,
त्याचं दुसरं टोक
एका पोट्ट्यानं मुठीत धरलं होतं,
मागायचं राहून गेलं.