फळी उशिरा टाकली

हसुराम भोपींची वही माझ्याकडे आली
ती जिताड्याच्या वासासकट.
दोनशे पानी, कव्हरवर लाल पेनानं:
उघाडी कशी सांभाळायची.
करावे गावच्या खारबांधावर अठ्ठावीस वर्षं
हा माणूस त्या लाकडी दाराशी बसला.
भरतीला फळी टाकायची, ओहोटीला उचलायची.

माझं काम शुद्धलेखनाचं.
बेलापूरला, सेक्टर अकरात, तिसऱ्या मजल्यावर
बारा वर्षं मी अहवाल लिहिते.
त्यात कुणीच काही करत नाही,
सगळं करण्यात येतं.
जमीन संपादित करण्यात येते,
दिलगिरी व्यक्त करण्यात येते,
झाडंसुद्धा काढण्यात येतात,
कुऱ्हाडीला हात नसल्यासारखी.

सवयीनं मी पहिल्याच पानावर 'सदर' घातलं,
'प्रस्तुत' घातलं, दोनदा 'अनुषंगाने'.
शनिवारी ते आले. चष्मा पुसून वाचलं.
"बाय, यो कोन बोलतंय?"
तुम्हीच, मी म्हटलं.
"मी नाय असा बोलत.
कायतरी लपवाचा असल तं बोलन."

मग मी वही नीट वाचली.

'फळी टाकताना पाय बांधाच्या आत ठेवा.
माझा उजवा अंगठा बाहेर होता.'

'निवट्या वर चढू लागल्या की अर्धा तास आहे.'

'खारेपणा मी जिभेनं ओळखतो.
मापाचं यंत्र वापरलेलं नाही,
म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.'

'दक्षिणेचा बांध दरवर्षी का खचतो
ते मला माहीत नाही. हिराबाय तांडेलला विचारा.
दुपारी नको, झोपते.'

मी विचारलं, आता तिथं चालायला ट्रॅक झालाय,
हे वाचणार कोण?
ते खिडकीतून खाडीकडं बघत होते,
म्हणजे दोन इमारतींच्या मधून दिसते तेवढ्या.
"वाचनारा माज्यापरस शाना असल.
फकस्त तो तिथं बसला नसल."

एकेचाळिसावं पान.
खेकड्यांची बिळं कशी बुजवावीत, याच्या अधेमधे:
'एकोणनव्वदच्या श्रावणात, अमावस्येला,
मी फळी उशिरा टाकली. झोप लागली होती.
चार घरांची शेतं खारी झाली.
नावं खाली देतो.'
खाली चार नावं, बापाच्या नावासकट.
एक विशेषण नाही.
पुढच्या ओळीत परत खेकडे.

तिथं मला काही दुरुस्त करता येईना.
'उशिरा'ची वेलांटीसुद्धा बरोबर होती.

त्या रात्री नाही, चार दिवसांनी,
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत
मी गेल्या वर्षीचा माझा अहवाल उघडला.
परिच्छेद सात:
'विहित मुदतीत हरकती प्राप्त न झाल्याचे आढळून आले.'
वाक्य चांगलं आहे. साहेबांनी खाली रेघ मारून
'उत्तम' लिहिलं होतं.
हरकती माझ्या खणात होत्या,
डब्याच्या रिकाम्या पिशवीखाली.
कुणाला आढळून आलं? मला विचारलं असतं तर
मी म्हटलं असतं: कार्यालयाला.

कोरा कागद घेतला.
'अकरा अर्ज आले होते. मुदतीत आले होते.
मी ते पुढे पाठवले नाहीत.'
एवढं लिहायला पावणेदोन वाजले.
मध्ये दोनदा 'पाठवण्यात' झालं, दोनदा खोडलं.
'नावं खाली देते.'

पहिली दोन लिहून झाली.
तिसऱ्याची सही लागत नाही,
म्हात्रे की पाटील.
पत्ता आहे, सारसोळे.
जाऊन विचारावं लागेल.