अठरा रुपये अक्षर

इतवारीत माझं दुकान. काळा ग्रॅनाइट, पांढरी अक्षरं,
अक्षरामागे अठरा रुपये, काना-मात्रा फुकट.
इंग्रजीत काना-मात्रा नसतात,
म्हणून इंग्रजी महाग पडते.

परातेबाई गोळीबार चौकातून आल्या, भर दोन वाजता,
डोक्याला ओला दुपट्टा,
मुलाने ऑकलंडहून फोनवर सांगितलेला मजकूर
वहीच्या पानावर उतरवलेला.
मानेवाड्याच्या बसथांब्यावर टिनाचं छप्पर, एक बाक, दोन माठ,
आणि पाटी:
कै. दौलत पराते, ट्रॅफिक हवालदार,
यांच्या स्मरणार्थ ही सावली.
इंग्रजीतही सावली शेवटीच आली होती.
फक्त तिथे लिहिलं होतं, शॅडो.

खडूने आखणी केली, सहा अक्षरांची,
मग छिन्नी खाली ठेवली.
म्हटलं, बाई, इथे शेड पाहिजे.
"शेडच तर बांधलं ना जी, टिनाचं."
ते शेड नाही. ते इकडे येऊन मराठी झालं.
हे दुसरं, शॅडोपेक्षा एक अक्षर कमी.
झाड देते ती शेड. बकरी बसो, भाजीवाला बसो,
नाव विचारत नाही.
शॅडो एकट्याची असते. तिला हातपाय असतात,
मालक उठला की तीही उठते.

"आपल्यात तर दोन्हीले सावलीच म्हणते."
म्हणतात. आजवर पुरलं आपल्याला.

बाई पाणी प्यायल्या, गडवा उपडा ठेवला.
"एकवीस वर्षं कॉटन मार्केटच्या चौकात उभे होते हे.
झाड नाही, काही नाही.
मेच्या शेवटी एक दुपार येते म्हणे,
सूर्य नेमका टाळूवर,
खाली पाहावं तं सावली बुटात शिरलेली.
घरी येऊन सांगत, आज साहेबानं
तिलेही सुटी देली, मलेच नाही देली."
हसल्या. हसू मग तसंच तोंडावर राहिलं,
उतरवायचं विसरलेलं.

"म्हणजे त्याइच्यापाशी एक होती, दुसरी नव्हती."
हो.
"अन् मी देऊन राहिली ते दुसरी."
हो.
"अन् पहिली?"

मी दगड पुसत बसलो. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही,
दहावीत दोनदा गेलेला माणूस.
हे दोन शब्द मला एका वकिलाच्या फार्महाउसने शिकवले;
ती चुकलेली पाटी आमच्या मोरीत पालथी पडली आहे,
तिच्यावर घरचे कपडे धुतो.

"शेड लिवा," बाई म्हणाल्या. "बसणाऱ्याले बसू द्या.
पैसे सहाचेच घ्या."
का?
"तुम्ही आखलं ना सहाचं. आता पुसून मधात नोका घेऊ.
राहू द्या ते जागा."

पाटी लागली. शेवटची ओळ डावीकडे सरकलेली,
पुढे एका अक्षराएवढा नुसता काळा दगड.
मुलाने फोटो पाहून विचारलं म्हणे, कारागीर नवा आहे का.

परवा मुद्दाम गेलो थांब्यावर. एक माठ फुटला होता.
बाकावर दोन नर्स, एक पोरगा, कोणाचं तरी पंख्याचं खोकं.
टिनाखाली कोणाची सावली कोणती, काही कळेना.
मी बसलो.
बस आली.
उठलो नाही.