गाडी रात्री का बसते

आत-बाशी गावात, उणे सव्वीसच्या सकाळी,
बुरुलचा एजे माझ्या गॅरेजला आली ती पायी.
"गाडी बसली," म्हणाली.
बंद पडली का, मी विचारलं.
"बसली रे. दिवस भरलेली घोडी बसते तशी,
मागची डावी मांडी टाकून."

वीस वर्षांची गाडी, जपानमधून आलेली,
म्हणून स्टिअरिंग आमच्याकडे चुकीच्या बाजूला.
स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे,
फुग्यांत हवा, आणि हवेवर सगळा भार:
दोन टन लोखंड, एक सुईण,
कधी परतीला एक बाळंतीण, एक गाठोडं.

मी आपला रीतीने गेलो.
आधी फ्यूज. शाबूत.
रिले काढला, कानाशी हलवला, परत बसवला.
इंजिन लावलं तर कॉम्प्रेसर कण्हला,
गाडी बोटबोट वर आली
आणि अशी ताठ उभी राहिली
की रात्री काही झालंच नव्हतं.
(म्हाताऱ्यांची खोडच ही, डॉक्टर दिसला की बऱ्या.)

"फुगा फाटलाय," मी म्हणालो.
बिश्केकहून मागवायचा. दोन मेंढ्यांचे पैसे.
"बघितलास?"
नव्हता बघितला.
गुडघे टेकून बघितला.
सुरकुत्या होत्या, भेग नव्हती.

मग साबणाचं पाणी.
बुडबुडा तिथे गळती, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
पण बाटलीतून सुटलेलं पाणी
पाइपवर पडताच गोठायचं,
आणि बर्फाला बुडबुडे येत नाहीत.
मी हात चोळत उभा राहिलो,
चहाचं बोलावं की काय या विचारात.

तेव्हा तिने पिशवीतून लाकडी नळकांडं काढलं,
एका तोंडाला रुंद,
पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं.
चाळीस वर्षांत त्याची कड
तिच्या कानाच्या मापाची झालेली.
जुना नमदा अंथरून ती गाडीखाली सरकली.
एजे, या वयात, मी म्हणू लागलो.
"दम धर," आतून आवाज आला,
"इंजिन बंद कर. आणि तुझा तो दम, तोही बंद कर."

फुग्यावर टेकवलं. नाही.
फुग्याच्या गळ्याशी. नाही.
मग पाइपच्या मागोमाग,
पाठ कुठे, डोकं कुठे असं चाचपत गेल्यासारखी,
वाल्वच्या ठोकळ्यापाशी आली आणि थांबली.
कोळशाचा ट्रक गेला, तो लांब जाईपर्यंत
तिने डोळे मिटून ठेवले.
"इथे," म्हणाली. "झोपेत पुटपुटतंय."

ठोकळा उघडला.
बांगडीच्या नखऱ्याची, पण मसुरीएवढी रबरी कडी,
थंडीने आकसलेली, चपटी.
आणि शेजारच्या डबीत ओल शोषणारे दाणे,
स्वतःच ओलेगच्च, एकमेकांना बिलगलेले.
तिथलं पाणी पुढे जाऊन
वाल्वच्या तोंडाशी रोज रात्री गोठत होतं.
फुगे बिचारे उगाच बदनाम.

कडी मिळाली, दुसऱ्याच कुठल्या यंत्राची,
तासून नव्हे, तेल लावून बसली.
दाणे भाजले बायकोच्या तव्यावर.
तिला अजून माहीत नाही.

चाकाच्या कमानीवर खडूने रेघ मारली,
रात्री दोनदा उठलो, बॅटरी घेऊन,
दोन्ही वेळा कुत्रा भुंकला.
सकाळी गाडी रेघेच्या अर्धं बोट खाली.

"अर्धं बोट चालतं," एजे म्हणाली,
"संध्याकाळपर्यंत मीही तेवढी खचते."
इतक्यात तिचा फोन वाजला,
कुठल्याशा वरच्या वस्तीवर कळा सुरू झालेल्या.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा अजून जळतोच.
त्याचं कारण मला सापडलेलं नाही.
तिने त्यावर चिकटपट्टी लावली,
आणि निघताना खिडकीतून ओरडली,
ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.