जोडी मोडत नाही

नोव्हेंबरात ग्दिन्याला साडेतीनलाच दिवे लागतात.
त्या उजेडात बोगुमिल नेत्सेल आत आला,
टोपीवरचं बर्फ उंबऱ्याशीच झटकून,
आणि काउंटरवर चारशे झ्लॉटी मांडले,
पत्ते मांडावेत तसे, एकेक, उघडे.
"यात बसतील ते स्पीकर. पुस्तकांच्या फळीवरचे.
फळी सत्तावीस सेंटीमीटर खोल आहे. मोजून आलोय."

मोजून येणारी माणसं मला आवडतात.
बाकीचे कुणाच्या तरी मेव्हण्याने सांगितलेलं
एखादं महागडं नाव घेऊन येतात.

तीन जोड्या काढल्या.
पहिली काळी, चकचकीत, खोक्यासकट.
खर्जाचा एवढा डौल
की गाणारी बाई विहिरीत पडलीये असं वाटावं.
दुसरी चाळीस वर्षांची, जर्मन, घरंदाज;
पडद्याच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला,
मी बोट गुपचूप एप्रनला पुसलं.
तिसरी अक्रोडी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली.
डाव्या डब्याच्या पाठीवर
कुणीतरी पेनाने लिहिलेलं: स्वयंपाकघर.

मग मी माझं पाठ केलेलं सुरू केलं:
ओहम जुळायला हवेत, वॉट फार मनावर घ्यायचे नाहीत,
भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीला,
दोन स्पीकर आणि तुम्ही, तिन्ही अंतरं सारखी…

"थांब," तो म्हणाला. "मला एकच दे. उजवा."

डावा कान गोदीत गेला.
एकदम नाही, पगारातून कापल्यासारखा, दर महिन्याला थोडा.
एकोणतीस वर्षं जहाजांच्या पोटात,
आणि डाव्या अंगाला वाव्झिनचा हातोडा.
"बायको म्हणायची, या कानाने ऐकता, त्या कानाने सोडता.
आता सोडायला कानच नाही.
बोलेल ते सगळं आत साचतं."

मी पाटीकडे बोट दाखवलं. जोडी मोडत नाही.
मालकीण लेओकाडियाचं अक्षर, तिचाच नियम:
एकटा स्पीकर आणि एकटा बूट
कुणी विकत घेत नाही.

तो वाद घालत नव्हता. पिशवीतून तबकडी काढली,
चर्चच्या गायकवृंदाची, कधीतरी गावातच छापलेली.
मुखपृष्ठावर छत्तीस माणसं, सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले.
"ही माझी बहीण. दुसरी रांग."
नखाखाली होती ती डावीकडून तिसरी.

मी अक्रोडी जोडीला तारा लावल्या.
आधी दोन्ही. मग काही न बोलता
डावीची तार उपटली.

पुरुषांचे आवाज राहिले, नीट, रांगेत,
आणि शेजारी रिकामी बाकं.
त्याने मान वळवली, उजवा कान गप्प डब्याकडे नेला,
दार उघडायची वाट बघावी तसा थांबला.

"लाव परत," म्हणाला.

तीनशे ऐंशी जोडीचे, वीस तारेचे.
खिशात ट्रामचे? ग्दिन्यात ट्राम नाही, ट्रॉलीबस आहे,
आणि तिचेही उरले नव्हते बहुतेक,
कारण काचेतून बघितलं तर चालत निघालेला,
दोन्ही काखांत एकेक डबा, पावलं जपून,
जुळ्यांना नेणाऱ्या बापासारखा.

मार्चमध्ये परत आला. मला वाटलं, बिघडले.
"तार हवी. सहा मीटर वीस. मोजून आलोय."
एवढी कशाला? तुमची खोली तर…

"डावा स्वयंपाकघरात नेतोय.
बायको म्हणते, मला तिथपर्यंत काहीच ऐकू येत नाही."

पाटीकडे त्यानेच आधी बघितलं.
"मोडत नाहीये. लांबवतोय."

मी तार मापली, कापली, टोकं सोलून दिली.
दारापर्यंत गेला आणि परत वळला,
ऐकू येणारा कान माझ्याकडे करून:

"पहिल्या दिवशी बटाटे सोलता सोलता काय म्हणाली, माहितीये?
एवढी वर्षं टाळली,
शेवटी नणंद माझ्या स्वयंपाकघरात आलीच.
आणि अजूनही सुरात नाही."